हंसाला हत्तीचे डोहाळे

माझं तोंड फाटकं हाय. आमच्या मुरबे गावात कोनालाही विचारा, येसूबाईचं नाव काढलं की आधी हेच सांगतील, तवा मीच सांगून टाकते. बाजारात पाटीपुढं बसून माझा आवाज चढला की शेजारच्या बाया आपापल्या टोपल्या जरा लांब सरकवतात. मला त्याची लाज नाय. मासळी काय गप बसून विकतात?

पन त्या तोंडाचा फोटो काढून कोनी दुकानाच्या काचेत लावावा?

झालं असं. पालघरच्या बाजारात एक गिऱ्हाईक सकाळपासून माझ्या पापलेटांचे कल्ले उघडून उघडून बघत होतं. घेत नव्हतं, नुसतं उघडत होतं. मी हात वर करून त्याला त्याच्या आजोबापर्यंत सगळं सुनवलं. तिथं बाजारात दुकान असलेला तो कमलाकांत फोटोवाला उभा होता. त्यानं फोटो काढला, मला पत्ताच नाय. पंधरा दिसांनी आमची ठकी, माझी शेजारीन, धावत आली. म्हनाली, "येसू, तू काचेत बसलीस गं!"

गेले बघायला. हा एवढा फोटो. तोंड उघडं, आतले दात दिसतात, कपाळावर आठ्या, हात असा मारायला उचललेला. खाली काय लिवलंय म्हनून एका पोरीला विचारलं. ती बिचारी भीत भीत म्हनाली, "मावशी, वादळ." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटीत किलोचं वजन होतं, तेच उचललं आनि घातलं काचेवर.

आमचे मालक, नवशा, गरीब मानूस. त्यांनी हंसाला, आमच्या एकुलत्या एक पोरीला, माफी मागायला पाठवलं. हंसा तीन वेळा गेली माफी मागायला. एका काचेची तीन वेळा माफी कशाला लागते, हे मला तवा कळलं नाय. चौथ्या वेळेला कळलं, तवर रजिस्टर लग्न झालं होतं.

तवाच मी सांगून टाकलं. त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवनार नाय आनि त्याच्याशी शब्द बोलनार नाय. पालघरचा बाजार सोडला आनि बोईसरला बसायला लागले. तिथं कंपनीतले लोक, कॉलनीतल्या बाया, अर्धं बोलनं हिंदीत. माझी हिंदी ऐकून गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं. दोन वर्सं गेली अशी.

मंग मालकांकडून कळलं की हंसाला दिवस गेले. ते गुपचूप जायचे तिच्याकडं, कधी बोंबील घेऊन, कधी सोडे घेऊन. मला ठाऊक होतं, मी ठाऊक नसल्यासारखी ऱ्हायचे. पन पयलं बाळंतपन आईच्या घरी व्हतं, त्यात भांडन असो नायतर काय असो. मी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, अळीव आनून डब्यात भरले, आतली खोली शेनानं सारवून ठेवली. रोज त्या खोलीत जायची, उगाच खाट इकडची तिकडं करायची. मला माझी पोर घरी हवी होती. दुसरं कायच नको होतं.

पन आनायची कोनी? मी म्हनायची, त्यानं आनून सोडावी. तिकडनं निरोप आला, "आई स्वतः न्यायला आली तर येईन." ऐकलंत? माझीच पोर, माझ्याच वळनावर जानार. ती तिकडं अडून बसली, मी इकडं. मालकांनी दोन्हीकडं हात जोडले आनि कंटाळून मोठ्या बोटीवर निघून गेले, आठ-दहा दिसांसाठी.

ते शहाऐंशी साल. थंडीचे दिवस. बोईसरला सर्कस आली होती. सर्कशीत एक हत्तीन होती, रूपकली तिचं नाव, आनि तिचं तीन म्हैन्यांचं पिल्लू. त्या हत्तिनीच्या पायांना भेगा पडल्या होत्या. कोनीतरी माहुताला सांगितलं की खारं पानी चांगलं. झालं, तो रामकिसन माहूत रोज पहाटे बोईसरवरनं दोघांना चालवत आमच्या मुरब्याच्या खाडीवर आनायला लागला. सकाळी आठाच्या सुमाराला हत्ती पान्यात. सगळं गाव काठावर. बाया कुंकू नि नारळ घेऊन, म्हातारे खाटा टाकून बसलेले. पन गंमत अशी की पिल्लू काय कोनाला धड दिसेना. एवढी मानसं बघून ती आई पिल्लाला कायम पान्याच्या बाजूला ठेवायची. काठावरनं नुसती तिची भिंत दिसायची, नि कधी पोटाखालनं चार बारके पाय.

तिसऱ्या दिवशी मी अंगनात बोंबील वाळत घालत होते. बघते तर फोटोवाला दारात. खांद्याला काळी पेटी, चपला हातात, ओशाळून उभा. दोन वर्सांत पयल्यांदा.

मी ठकीला म्हनलं, "ठके, विचार त्याला, काय पायजे."

ठकी माझ्या बाजूला, तो तीन हातांवर. तरी ठकीनं विचारलं, "काय पायजे म्हनून विचारते."

तो म्हनाला, "मामी, होडी पाहिजे होती."

"विचार, कशाला? काच फोडायला?"

"हंसाला डोहाळे लागलेत," तो म्हनाला. "तिला हत्तीचं पिल्लू बघायचंय. आईचं दूध पिताना. प्रत्यक्ष नाही तर फोटो तरी. काठावरून ते दिसत नाही, पाण्याच्या बाजूनंच दिसेल. ती म्हणाली, होडीतूनच काढा."

ऐकलं आनि मी कपाळाला हात लावला. लोकांच्या पोरी चिंच मागतात, खारी बोरं मागतात. हिला हत्ती! पन डोहाळे ते डोहाळे. नाय पुरवले तर पोराची लाळ गळत ऱ्हाते, आमच्यात सगळे सांगतात. माझं वैर त्याच्याशी होतं, पोटातल्या जिवाशी नव्हतं. गावातल्या सगळ्या होड्या मासेमारीला गेलेल्या. एक माझीच बारकी होडी किनाऱ्याला, मी खाडीत कालवं काढायला नेते ती.

"ठके, विचार त्याला, हंसा बरी हाय ना?"

तो खाली बघत म्हनाला, "बरी आहे."

"विचार, मंग घेऊन का नाय आला तिला? पालघर काय इलायतेत हाय?"

तो चपला या हातातनं त्या हातात करायला लागला. मी म्हनलं, चोर हाय. पोरीला सोडत नाय. आनि बोंबलांची टोपली जोरात आपटली. ठकीनं हे पन त्याला सांगितलं, "टोपली आपटली म्हनते."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आता होडीत दोघंच जन, मधी ठकी नाय. बोलनार कोनाशी? मी वल्ह्याशी बोलायला लागले. "वल्ह्या, सांग त्याला, मधी बस. कडेला बसला तर कालवांबरोबर त्याला पन काढावा लागंल." तो मुकाट्यानं मधी बसला. एडवनच्या बागाईतवाल्यांच्या घरातला, पानमळ्यात वाढलेला. होडी जरा डुलली की दोन्ही हातांनी फळी धरायचा. मंग कॅमेरा कोन धरनार?

आमी हत्तींच्या पान्याच्या बाजूनं गेलो. आनि काय सांगू! ते पिल्लू बघितलं आनि मी वल्हं मारायची विसरले. अंगावर राठ केस, कान हलवतंय, सोंड कुठं ठेवावी ते त्याला कळत नाय. मधीच सोंडेवर पाय देतंय आनि धडपडतंय. त्याची आई सोंडेनं त्याच्या पाठीवर पानी घालत होती, आपन पोराला पायांवर घेऊन न्हाऊ घालतो तसं. मी हसले. मोठ्यानं हसले. मंग आठवलं की हा फोटोवाला बाजूला हाय, तवा तोंड मिटलं.

"ते सोंडेनं दूध पितं का रे, वल्ह्या?" मी विचारलं.

"नाही," वल्ह्याच्या वतीनं तो म्हनाला. "तोंडानं पितं. सोंड वर करतं, आणि तोंड लावतं. हत्तिणीचे स्तन पुढच्या पायांमध्ये असतात, बाईसारखे छातीशी."

मी बघितलं, आनि खरंच की! गाईसारखं मागं नाय. बाईमानसासारखं. इतक्या वर्सांत गनपतीसमोर हात जोडले, पन हे मला ठाऊक नव्हतं.

पिल्लू दोनदा गेलं आईच्या पुढच्या पायांत, सोंड वर केली, तोंड लावलं आनि सोडून दिलं. काठावरनं रामकिसन ओरडून सांगत होता, "दूध कम है अम्मा! बच्चा पीता है, छोड़ देता है!" रोज चालनं, रात्री खेळ, दूध येनार कुठनं? मी वल्ह्याला सर्कसवाल्यांबद्दल जे सांगायचं ते सगळं सांगितलं, हातवारे करून. फोटोवाला तो पोटाशी धरायचा कॅमेरा घेऊन वरनं त्यात डोकावत होता. एका रोलात बारा फोटो. बाराच्या बारा काढले.

संध्याकाळी धुवून बघितले तर सगळे हललेले. सकाळी परत आला दारात, तोंड उतरलेलं. ठकीला म्हनाला, "होडी हलते. म्हणजे… मामी बोलतात तेव्हा हलते."

ठकी माझ्याकडं वळून तोंड उघडनार तेवढ्यात मी म्हनलं, "ऐकलं मी. बहिरी नाय."

माझं ध्यान वेगळीकडंच होतं. रात्रभर मला ते पिल्लू दिसत होतं, तोंड लावून सोडनारं. आता आमच्यात बाळंतिनीला दूध कमी असलं की काय देतात? मुशीचं कालवन. मुशी म्हंजे ती खरखरीत कातडीची, बिनखवल्याची मासळी. आले-लसनीचं वाटन लावून, वर तांदळाच्या भाकऱ्या. हंसाच्या वेळेला माझ्या आईनं मला सव्वा म्हैना चारली, नि दूध असं आलं की शेजारच्या पोराला पन पाजलं. तवा मी पहाटे उठून एवढं मोठं पातेलं भरून मुशीचं कालवन केलं आनि टोपलीभर भाकऱ्या थापल्या. हसू नका. आई ती आई.

काठावर रूपकलीसमोर पातेलं ठेवलं. तिनं सोंड आत घातली, आनि जी फूं करून उडवली! कालवन रामकिसनच्या अंगावर, माझ्या अंगावर, ठकीच्या डोक्यात. रामकिसननं मला हात जोडले. "अम्मा, हथिनी मछली नहीं खाती है!"

"मला काय म्हाईत?" मी म्हनलं. "पान्यात उतरते, मासे खात नाय, ही कुठली रीत?"

सगळं गाव हसून लोळायचं बाकी होतं. पन भाकऱ्या मात्र तिनं खाल्ल्या. एक एक सोंडेनं उचलून, टोपली रिकामी होईपर्यंत. मंग टोपली पन उचलली, ती ठकीनं ओढून घेतली. पोट भरल्यावर रूपकली सावकाश पान्यात उतरली, पिल्लू मागोमाग.

आमी होडी काढली. भरती सरून ओहोटी लागत होती, पानी हळूहळू भायेर ओढायला लागलं होतं. मी गप ऱ्हायचं ठरवलं होतं, त्याचे फोटो हलू नयेत म्हनून. पन तोच खुदुखुदू हसत होता. डोळ्यांतनं पानी येईपर्यंत. आनि खरं सांगू, त्याचं हसनं बघून मला पन हसू फुटायला लागलं होतं. वाईट मानूस असा हसत नाय, असं उगाच मनात आलं.

"हंसाला सांगितलं पाहिजे," तो डोळे पुसत म्हनाला. "पडल्या पडल्या हसेल ती."

मी वल्हं थांबवलं.

"पडल्या पडल्या म्हंजे?"

त्यानं मान खाली घालून कॅमेरा पुसायला घेतला.

"तुमाला विचारते," मी म्हनलं. वल्ह्याला नाय, त्यालाच. दोन वर्सांत पयल्यांदा. "माझी पोर पडून का हाय?"

तवा त्यानं सांगितलं. दोन म्हैन्यांमागं हंसाचं रक्त गेलं. दोन दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरनी सांगितलं, बाळंत होईपर्यंत अंथरुनातनं उठायचं नाय, गाडीत बसायचं नाय. खाटेच्या पायथ्याला विटा लावल्यात. हाच स्वयंपाक करतो, हाच तिचे केस विंचरतो, दुकान अर्धा दिवस बंद. मालकांना पन खरं सांगितलं नव्हतं. ते आले की ती नुसती आळसावून पडल्याचं सोंग करायची. आनि तिनं याला शपथ घातलेली की मला कळता कामा नये.

माझ्या हातातलं वल्हं वर गेलं. खोटं नाय सांगत, मारायलाच गेलं. माझी पोर दोन म्हैने पाय वर करून पडलेली, आनि मी इकडं खाट हलवत, तिच्या नावानं बोटं मोडत बसलेली! राग त्याचा होता का माझा होता, मला कळेना.

तो म्हनाला, "मारा, मामी. पण होडी उलटवू नका, मला पोहता येत नाही."

तेवढ्यात मला त्याच्या खांद्यावरनं पलीकडं दिसलं. पिल्लू आईच्या पुढच्या पायांत शिरलं होतं. सोंड वर. तोंड लावलं होतं, आनि सोडत नव्हतं. गटागटा पीत होतं. रूपकलीनं एक पाय जरा पुढं टाकला, त्याला नीट पिता यावं म्हनून. आनि आमची होडी? ओहोटीनं फिरत चाललेली. नांगराचा दगड टाकला तरी दोरीवर गरगर फिरते, ते मला ठाऊक. फोटो परत हलनार. नायतर पिल्लाचं पोट भरनार नि ते भायेर येनार.

माझ्या पोरीनं एक गोष्ट मागितली होती.

मी वल्हं आत टाकलं, लुगडं वर खोचलं आनि उतरले पान्यात. कमरेएवढं पानी, खाली गुडघाभर चिखल. त्या थंडीत अंगावर काटा आला. चिखलात पाय रोवले, दोन्ही हातांनी होडीची कड धरली आनि छातीशी ओढून घट्ट उभी ऱ्हायले. होडी जागच्या जागी थांबली. कालवांच्या शिंपांनी तळवा कापला, बोलले नाय. तो पेटीत डोकावला. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. आयुष्यात एवढा वेळ मी तोंड मिटून कधी उभी ऱ्हायले नव्हते. खटका वाजला. परत वाजला. बारा वेळा मोजले मी.

मंग पिल्लू तोंडाला दूध लावून भायेर आलं आनि आमच्याकडं बघून कान हलवले. कमलाकांतनं कॅमेरा खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत पानी होतं, यावेळी हसन्याचं नव्हतं. त्यानं हात पुढं केला मला वर घ्यायला.

"बसा तिथंच," मी म्हनलं. "तुमी पडाल, मंग तुमाला काढू का कॅमेऱ्याला?"

तशीच होडी ढकलत काठाला आनली. ठकीला सांगितलं, घर बघ, बोंबील उलटे कर, मालक आले तर भात शिजवून दे. घरात जाऊन एक कोरडं लुगडं घेतलं, अळिवाचा डबा घेतला, गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं. एसटी भायेर उभी होती, लुगडं बदलायला वेळ कुठला? ओल्या लुगड्यानं, पायाला चिखल, तळव्याला फडकं बांधलेलं, तशीच चढले. अंगाला मुशीच्या कालवनाचा वास. आख्ख्या गाडीत आमच्या बाजूची दोन बाकं रिकामी ऱ्हायली. कमलाकांत माझ्या शेजारीच बसला. लोक बघत होते, त्यानं पर्वा केली नाय.

दुकानाच्या मागंच त्यांची खोली. उंबऱ्याशी आले तवा पाय एकदा थांबला, मानसाची खोड. मंग मी त्या पायालाच म्हनलं, मेल्या, आत पोर हाय तुझी. आनि गेले.

हंसा खाटेवर. पायथ्याशी दोन दोन विटा. तोंड बारीक झालेलं, पोट तेवढं वर. मला बघून तिनं उठायला हात टेकला.

"उठशील तर बघ!" मी ओरडले. गाठोडं टाकलं आनि तिच्या उशाशी बसले. काय बोलायचं ते सगळं एसटीत पाठ करत आले होते. त्यातलं एक अक्षर भायेर येईना. तिचा हात हातात घेतला आनि रडले. ती पन रडली. मंग नाक पुसून म्हनाली, "आई, वास कसला गं येतो तुला? मुशी?"

कमलाकांत फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत शिरला. मी तिला भाकऱ्यांचं, कालवनाचं, ठकीच्या डोक्याचं सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. मी घाबरून म्हनलं, हसू नको, हसायला डॉक्टरनं सांगितलंय का?

तासाभरानं तो ओला फोटो चिमट्यात धरून घेऊन आला. काय फोटो होता! हत्तिनीचा पाय पुढं, पिल्लाची सोंड वर, डोळा मिटलेला, ओठांवर दुधाचा फेस पन दिसत होता. एक रेघ हललेली नाय. हे मी धरून ठेवलं होतं.

हंसानं फोटोकडं एकदा बघितलं. "छान हाय," म्हनाली, आनि परत माझ्याकडं बघायला लागली.

"अगं, नीट बघ की! त्याच्यासाठी मी कमरेएवढ्या पान्यात उभी ऱ्हायले. डोहाळे लागले होते ना तुला?"

ती तोंडातल्या तोंडात हसली. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. दूध पितानाच पायजे. होडीतूनच पायजे. आनि थंडीच्या दिसांत मुरब्याच्या काठाला रिकामी होडी कोनाची असते, हे तिला नाय तर कोनाला ठाऊक?

"हंसे," मी म्हनलं, "तुला हत्ती नको होता."

कमलाकांत चिमटा तसाच धरून तिच्याकडं बघत ऱ्हायला. त्या बिचाऱ्याला पन आत्ताच कळत होतं.

"होडीत दोघं बसले की बोलावंच लागतं," ती म्हनाली. "नुसतं आजारी हाय म्हनून कळलं असतं, तर तू यांना शिव्या देत आली असतीस. मला न्यायला बघितलं असतंस, नायतर भांडून परत गेली असतीस. मला तू इथं ऱ्हायला हवी होतीस. यांच्या घरात."

"आनि मी होडी नसती दिली तर?"

"उंट मागितला असता. सर्कशीत उंट पन हाय."

मी तिच्या गालावर चापट मारायला हात उचलला आनि तिथंच ठेवला, गालावर. गाल गरम होता. ती माझा हात दाबून धरत म्हनाली, "रक्त गेलं त्या दिवशी मी लय भ्याले गं आई. सारखी तुलाच आठवत होते."

"मंग हाक मारायची होतीस," मी म्हनलं. माझा आवाज फाटला होता. "मेले असते का मी? एक हाक मारायची!"

"मारली की," हंसा म्हनाली. "मधी एवढा मोठा हत्ती घातला, तवा कुठं तुला ऐकू गेली."